परकोटाआतली वाडी

बागांचा इतिहास आपल्याकडे राजवाड्यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. कोणत्या बादशहाने कोणती बाग लावली, कोणत्या पेशव्याने कोठून कलमे आणविली, कोणत्या सरदाराच्या वाड्यात कारंजी उडत होती, याच्या नोंदी आहेत. परंतु त्या बागेतले तण कोणी उपटले, पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात कोणी वळविले आणि त्या बागेतले वांगे ज्याच्या हाताने वाढले त्याच्या ताटात ते कधी पडले काय, याची नोंद नाही. बखर लिहिणारा हात आणि खुरपे धरणारा हात हे या देशात कधी एकाच माणसाचे नव्हते. म्हणून भाजीच्या एका लहानशा वाडीचा इतिहास लिहावयाचा झाला तरी तो जातिव्यवस्थेचा इतिहास होऊन बसतो.

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या गावात माझे बालपण गेले त्या गावात एक गढी होती. विदर्भातल्या पुष्कळ गावांत ती असते. उंच पांढऱ्या मातीचा ढिगारा, त्यावर पडका वाडा, सभोवती जाड भिंतीचा परकोट. पेंढाऱ्यांच्या आणि लुटारूंच्या काळात आडोसा म्हणून या गढ्यांचा उपयोग झाला. पुढे धामधूम संपली, गढीचे लष्करी काम संपले, पण गावावरची तिची सत्ता संपली नाही. आमच्या गढीच्या मागच्या अंगाला परकोटाच्या आत सुमारे दीड एकराची वाडी होती. एक बांधीव विहीर, लिंबाची चार झाडे, आणि बाकी सारे वाफे. माझी आजी लग्न होऊन आली तेव्हापासून त्या वाडीत निंदणाला जात असे. वांगी, मिरची, सांबार, मेथी, धोप्याची पाने हे सारे तिच्या हाताखालून वाढले. संध्याकाळी मजुरीबरोबर तिच्या पदरात किडकी वांगी पडत. चांगली वांगी माळ्याच्या टोपलीतून बाजारात जात.

आजी म्हणायची, "बापू, वाफ्यात हात घातला तं चालत होतं. टोपल्याले हात लावला तं बाटत होतं."

या एका वाक्यात अस्पृश्यतेचे जे अर्थशास्त्र आहे ते मोठमोठ्या ग्रंथांतूनही इतक्या नेमकेपणाने सापडत नाही. अस्पृश्याच्या हाताने माती बाटत नाही, बी बाटत नाही, रोप बाटत नाही. ते रोप फळाला आले, त्याला किंमत आली आणि ते तराजूत पडण्याची वेळ आली, की त्याच हाताचा विटाळ सुरू होतो. म्हणजे विटाळ हा श्रमाला नव्हता, श्रमाच्या मोबदल्याला होता. धर्मशास्त्राची भाषा पावित्र्याची असली तरी तिचा व्यवहार मालकीचा आहे, हे येथे उघड होते.

वाडीला तीन गोष्टी लागतात. कुंपण लागते, पाणी लागते आणि माल घेणारे गिऱ्हाईक लागते. उघड्या वावरात ज्वारी होते, पऱ्हाटी होते, पण भाजी होत नाही. गुरे आणि शेळ्या ती रातोरात फस्त करतात. पावसाच्या भरवशावर तूर पिकते, मेथी चार महिन्यांच्या पलीकडे पिकत नाही. आणि धान्य कणगीत भरून ठेवता येते, पण तोडलेली भाजी दुसऱ्या दिवशी विकली गेली नाही तर उकिरड्यावर जाते. या तिन्ही गोष्टी अस्पृश्याला वेगवेगळ्या मार्गांनी नाकारल्या गेल्या. त्या क्रमाने पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट जमिनीची आणि तिच्या कुंपणाची. वऱ्हाड १८५३ साली निझामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. रयतवारी पद्धतीने जमिनीची मोजणी झाली, खातेदारांच्या नावे पट्टे लिहिले गेले. या जिल्ह्यात जंगल आणि पडीत फार. ती पडीत लागवडीस यावी म्हणून गावेच्या गावे लांब मुदतीच्या इजाऱ्याने दिली गेली. आजही जिल्ह्यातील कितीतरी गावांच्या नावापुढे 'इजारा' हा शब्द चिकटलेला आहे. तो त्या व्यवहाराची खूण आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. पडीत जमीन फोडण्याची चढाओढ लागली. पण इजारा घ्यायला पैसा लागत होता, पत लागत होती, कचेरीत ओळख लागत होती. पडीत फोडण्याचे काम महाराने, मांगाने, गोंडाने, कोलामाने केले. कागदावर नाव मात्र त्याचे चढले, ज्याने कुदळ हातात धरली नव्हती.

विदर्भातील अस्पृश्यांची स्थिती पश्चिम महाराष्ट्राहून काहीशी निराळी होती, हे नमूद केले पाहिजे. येथे कोष्टी कामावर जगणारे महार होते, नागपूरच्या गिरणीत शिरलेले होते, थोड्यांच्या नावे जमिनीही होत्या. पश्चिमेकडे वतनाच्या हाडकी-हाडोळ्याने महाराला गावाशी बांधून टाकले होते आणि ते जोखड उतरविण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले. ती वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. आमच्याकडे वतनाचा फास तितका घट्ट नव्हता. तरीपण गावाला लागून असलेली, विहिरीजवळची, खाताची जमीन अस्पृश्याच्या नावे क्वचितच असे. त्याच्या वाट्याला आली तर शिवेवरची बरड. बोराट्यांचे कुंपण घालून तेथे राखण करावी, तर त्याचा दिवस मालकाच्या वावरात विकलेला.

दुसरी गोष्ट पाण्याची. जोतीराव फुले हे माळी समाजात जन्मले. त्यांच्या घराण्याचा धंदाच फुलांचा आणि भाजीपाल्याचा. मळ्याला पाणी म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ही गोष्ट आपण दयेची म्हणून सांगतो, परंतु ती तशी नाही. मळ्याचा मालक असलेल्या जातीतील एक माणूस पाण्यावरचा जातीचा हक्क सोडून देतो, ही क्रांतीची गोष्ट आहे. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा संबंध पाण्याशी, खताशी, सावकाराशी आणि भटशाहीशी एकत्र जोडला. तळी-धरणे बांधून पाणी अडवावे असे सांगणारा आणि शहराच्या नाक्यावर भाजीवाल्या शेतकऱ्याची होणारी नाडवणूक मांडणारा हा विचारवंत, शेतीचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकच आहे असे सांगत होता.

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. ते पाणी पिण्याचे होते, आणि त्याचा हक्क न्यायालयात शाबीत होण्यास १९३७ साल उजाडले. पण पिण्याच्या पाण्याचा हक्क आणि ओलिताच्या पाण्याचा हक्क हे एकाच झऱ्याचे दोन पाट आहेत. जो माणूस विहिरीच्या काठावर उभा राहू शकत नाही तो मोट हाकू शकत नाही. आमच्या गढीच्या विहिरीवर मोट चाले ती माळ्याची. आजी पाटाच्या खालच्या टोकाला उभी राहून पाणी वळवी. तहान लागली तर ती पाटातले गढूळ पाणी पिई. तेच पाणी थारोळ्यात निर्मळ होते, पण थारोळ्यापर्यंत जाण्याचा तिला हक्क नव्हता. पाटाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे ते पन्नास पावलांचे अंतर म्हणजेच आमचा इतिहास.

तिसरी गोष्ट बाजाराची, आणि माझ्या मते तीच सर्वांत कमी चर्चिली गेली आहे. अस्पृश्यांना शेतीखेरीज व्यापाराची वाट का सापडली नाही, याचे उत्तर बाबासाहेबांनी आपल्या इंग्रजी लेखनातून दिले आहे. अस्पृश्याकडून सवर्ण माल घेणार नाही, म्हणून व्यापार त्याला बंद. दुकान उघडण्यास कायद्याची मनाई नव्हती, गिऱ्हाइकाची होती. ओल्या वस्तूला विटाळ अधिक. दूध, लोणी, भिजलेली भाजी ही ओली. म्हणून गावातला महार लाकूडफाटा विकू शकला, गवताचा भारा विकू शकला, पण मेथीची जुडी विकू शकला नाही.

ही गोष्ट किती खोल होती हे पाहण्यासाठी आपल्या जिल्ह्याच्या शिवेवरचे एक उदाहरण घेता येते. वणीहून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातले वरोरा लागते. तेथे बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली सहा कुष्ठरुग्णांना घेऊन पन्नास एकर रानटी, विंचू-सापांनी भरलेल्या जमिनीवर आनंदवन सुरू केले. त्यांनी विहीर खोदली, झुडुपे काढली, धान्य आणि भाजी पिकविली. जमीन आली, पाणी आले, पीकही आले. पण ती भाजी घेऊन ते वरोऱ्यास गेले तेव्हा गावाने ती घेतली नाही. कुष्ठरोग्याच्या हाताची भाजी कोण खाणार? पुढे १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, रुग्णांबरोबर राबले, तेथेच जेवले. मग गावाची भीड चेपली आणि भाजी विकली जाऊ लागली.

आनंदवनाच्या कार्याविषयी आदर बाळगूनही एक प्रश्न विचारावासा वाटतो. कुष्ठरोगाला औषध निघाले. डॅप्सोनच्या गोळीने जंतू मरतात, हे सांगून समजविता येते. जन्माने चिकटलेल्या विटाळाचे जंतू कोणत्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावेत? आणि ज्या समाजाला आपल्याच माणसाची भाजी खाण्यासाठी आधी गोऱ्या माणसाने ती खाऊन दाखवावी लागते, त्या समाजाच्या आरोग्याची परीक्षा कोणी करावी? आनंदवनाच्या भाजीला साक्षीदार मिळाले. माझ्या आजीच्या वांग्याला मिळाले नाहीत.

आता त्या वाडीची पुढची कथा सांगतो. साठ सालानंतर गढीवाल्यांची मुले शिकून शहरात गेली. विदर्भासाठी १९५८ साली कूळकायदा झाला, त्यामुळे वाडी कुणाच्या नावे लावून देण्याची मालकांना धास्ती वाटू लागली. माळी गेला, मोट थांबली, आणि परकोटाच्या आत रान माजले. रुई, एरंड, आघाडा, टणटणी, बाभळी. वाफ्यांतून कुंदा आणि हरळी. विहिरीत पिंपळ उगवला, आणि गाळाने ती अर्धी बुजली. साप निघतात म्हणून पोरांना तिकडे जाऊ देत नसत.

१९७२ सालचा दुष्काळ आला. गावोगाव खडी फोडण्याची कामे निघाली. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ साली झाला, पण त्याचे बीज या दुष्काळात पडले. खडी केंद्रावर मजुरी मिळे, परदेशी मिलोची लाल भाकर मिळे, सुकडी मिळे. हिरवे पान मात्र मिळत नसे. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या बौद्धपुऱ्यातल्या सात बायांनी गढीवाल्यांच्या कारभाऱ्याला विचारून ती वाडी अर्ध्या हिश्श्याच्या बटईने घेतली. पहिल्या वर्षी रान साफ करण्याबद्दल हिस्सा माफ, असे तोंडी ठरले. सातांत माझी आजी सर्वांत वडील होती.

पडीत मोडण्याचे काम कसे होते हे लिहून ठेवले पाहिजे, कारण श्रमाचे ज्ञान हेही ज्ञानच आहे आणि आमच्या समाजाचे ते ग्रंथाविना राहिलेले ज्ञान आहे. बायांनी प्रथम विळ्या-कुऱ्हाडीने झुडुपे तोडली आणि काटेरी फांद्या जाळल्या नाहीत. परकोट जेथे पडला होता तेथे त्या रचून वाट बंद केली. मग चैत्र-वैशाखाच्या उन्हात कुंदा खणला. कुंदा वरून कापला तर दुप्पट जोमाने येतो. त्याच्या मुळ्या हातभर खोल खणून, वेचून, कडक उन्हात वाळवाव्या लागतात. हे काम पावसाआधीच केले पाहिजे, कारण एक थेंब पडला की तुटलेली प्रत्येक कांडी नवे रोप होते. पुरुषांनी विहिरीत उतरून गाळ काढला आणि तो वाफ्यांवर पसरला. पडक्या भिंतीची पांढरी माती खतासारखी उपयोगी पडते हे बायांना ठाऊक होते, पण ती फार झाली तर खारटपणाने रोप जळते, म्हणून ती उकिरड्याच्या खातात मिसळून टाकली. अर्ध्या जमिनीत बोरू पेरून तो फुलावर येताच मातीत गाडला. उरलेल्या अर्ध्यात पावसाळ्यात भेंडी, अंबाडी, बरबटी लावली. दोडके, कारले आणि कोहळे यांचे वेल भिंतीवर चढविले. ज्या भिंतीने त्यांना इतकी वर्षे बाहेर ठेवले होते तिच्या अंगावर त्यांच्या दोडक्यांचे वेल चढले. त्या हिवाळ्यात वांगी, टमाटर, मुळा, पालक, मेथी, सांबार असे सारे आले. मेथी महिन्याभरात हाताशी येते, मुळा दीड महिन्यात, लावलेल्या वांग्याला दोन महिने लागतात. म्हणून पैसा आधी पाल्यातून आणि मग फळातून, असा क्रम बायांनी लावला.

पाणी पहिल्या वर्षी बादली-दोराने काढले. ज्या विहिरीच्या थारोळ्यापर्यंत आजीला जाता येत नव्हते तिच्या काठावर ती उभी राहिली. कारभाऱ्याला ते रुचले नाही, पण १९५५ सालचा अस्पृश्यता कायदा होता, आणि आमच्या पुऱ्यात आता १९५६ सालची दीक्षा घेतलेली माणसे होती. कोणी काही बोलले नाही.

बाजाराचा पेच राहिला होताच. गावात त्यांची भाजी घ्यायला लोक कचरत. म्हणून बाया टोपल्या डोक्यावर घेऊन तालुक्याच्या आठवडी बाजारात जाऊ लागल्या. तेथे जात विचारून भाजी घेणारे कमी. शहराचा बाजार हा जातीपासून मुक्त असतो असे नव्हे, पण तेथे माणूस अनोळखी असतो, आणि दलिताला अनोळखी असण्याइतके स्वातंत्र्य गावात कधी मिळाले नव्हते. खेडे म्हणजे अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे डबके, असे बाबासाहेबांनी घटना समितीत का सांगितले, हे त्या बायांनी पुस्तक न वाचता अनुभवले. दुसऱ्या वर्षी गावातल्याच सवर्ण बाया परकोटाच्या दारात येऊन ताजी मेथी मागू लागल्या. स्वस्त आणि ताजा माल दारात असला की विटाळ थोडा वेळ बाजूला सरकतो.

तिसऱ्या वर्षी वांगी तोडणीला आली असताना वाडी परत घेतली गेली. कारण सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. करार तोंडी होता. पेरेपत्रकात बायांचे नाव नव्हते. सातबाराच्या पीकपाण्यात मालकच स्वतः जमीन करीत असल्याची नोंद होती. तलाठ्याने तीन वर्षांत एकदाही परकोटाच्या आत पाय ठेवला नव्हता. जमीन साफ झाली होती, विहीर जिवंत झाली होती, माती भुसभुशीत झाली होती. इजाऱ्याच्या काळात जे झाले तेच पुन्हा झाले. पडीत फोडणारा एक आणि नाव चढणारा दुसरा.

या अनुभवाकडे एका गावचे रडगाणे म्हणून पाहू नये. बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला होता. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्याबरोबर भांडवल आणि साधने किती यावर ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी उपाय सुचविला तो शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांकडे वळविण्याचा. तरीही त्या युक्तिवादाचे एक टोक आमच्या वाडीला लागू पडते. दीड एकर ही कोरडवाहू पऱ्हाटीला काहीच नाही, पण विहीर आणि परकोट असलेल्या वाडीला ती सात घरांची भाकर आहे. हिशेब करून पाहावा. माणशी रोज तीनशे ग्रॅम भाजी धरली तर पाच माणसांच्या घराला वर्षाला साडेपाच क्विंटलच्या आसपास लागते. वांग्याचे पीक हेक्टरी वीस टन आले तर गुंठ्याला दोन क्विंटल पडते. म्हणजे पाण्याखालचे चार-पाच गुंठे घराला पुरून उरतात. बाकीचे विकता येतात. प्रश्न एकरांचा नाही, पाण्याचा, कुंपणाचा आणि कागदाचा आहे.

हा कागद मिळावा म्हणून आमच्या चळवळीने कमी झुंज दिलेली नाही. १९४२ साली जुलै महिन्यात नागपूरला झालेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने सरकारी पडीत जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती वसवाव्यात अशी मागणी केली. १९५६ साली मार्च महिन्यात आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी खेड्यातल्या भूमिहीनांविषयीची आपली तळमळ बोलून दाखविली. त्यांच्या पश्चात कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. आजच्या पिढीला या लढ्याचे नाव ठाऊक आहे, पण त्याची मागणी काय होती हे विचारले तर उत्तर येत नाही. मागणी पडीत जमिनीची होती. आम्ही फोडतो, आमच्या नावे करा, इतकीच.

त्याच सुमारास विदर्भात भूदानाची लाट होती. १९५३ च्या मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायद्याखाली विदर्भातली भूदानाची जमीन वाटली गेली. तिच्यातली पुष्कळशी खडकाळ होती, काहींना ताबा मिळाला नाही, काहींना मिळाला पण पाणी नव्हते. दान देणारा आपल्या परकोटाआतली वाडी देत नाही, शिवेवरची बरड देतो. पुढे शासनाने १९९१ सालच्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. किती घरांच्या हाती त्यातून सातबारा आला, हे प्रत्येकाने आपापल्या गावात मोजून पाहावे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्यात भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला होता. तरी गावोगाव नोटिसा निघतात तेव्हा अपवादाची ओळ वाचून दाखविणारा कोणी नसतो. २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण आणि स्वाभिमान योजना आली. भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन द्यावयाची, असे तिचे स्वरूप आहे. योजना चांगली, पण जमीन विकत घ्यावयाची ती विकणाऱ्याच्या मर्जीने. आणि विकणारा वाडी विकायला काढत नाही.

दरम्यान वाडीच शेतीतून उठली. एके काळी पऱ्हाटीच्या तासांतून तूर, अंबाडी, बरबटी, वाळूक पेरले जाई. निंदणाला गेलेली बाई तरोटा, घोळ, माठ खुडून पदरात आणी. ती भाजी कोणाच्या मालकीची नव्हती, म्हणून तिला विटाळही नव्हता. आता निंदणाच्या जागी तणनाशक आले आहे. तणाबरोबर रानभाजी मेली आणि बाईची मजुरीही गेली. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, ज्याच्यासाठी २००६ साली पंतप्रधानांना विदर्भाच्या सहा जिल्ह्यांचे पॅकेज जाहीर करावे लागले, त्याच जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर औषध फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. फवारणीचा पंप पाठीवर घेणारे कोण असतात, हे सांगावयास नको. दिवसभर विष फवारून हा मजूर संध्याकाळी बाजारातून जी भाजी विकत घेतो तिच्यावरही फवारणी झालेली असते.

अलीकडे बचत गटांच्या बायांना घराशेजारी पोषण परसबाग लावण्यास सांगितले जाते. वाफ्यांचे आराखडे दिले जातात, बियाण्यांच्या पुड्या वाटल्या जातात. हे काम चुकीचे नाही. आमच्या आज्या घराच्या सांदवाडीत वालाचा वेल आणि चार मिरच्या लावतच होत्या. पण ज्या घराला आंगण नाही, ज्याचे घरच गायरानात आहे, ज्याच्या नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येते, त्या घराने परसबाग कोठे लावावी? बियाण्याची पुडी वाटणे सोपे असते. चार गुंठ्यांचा उतारा वाटणे कठीण असते. शासनाची आणि सेवाभावी संस्थांची पावले नेमकी येथेच अडखळतात.

आमच्या गावची गढी आज जवळजवळ भुईसपाट झाली आहे. परकोटाची पांढरी माती लोकांनी बंड्या भरभरून वावरात नेली. वाडीत पुन्हा रान माजले आहे. आता त्यात गाजरगवतही आहे, आणि रोही व रानडुकरे दिवसा मुक्काम करतात. मालकांच्या नातवंडांपैकी कोणी तिकडे फिरकत नाही, पण सातबारा जसाच्या तसा आहे. सात बायांपैकी आता कोणी हयात नाही. आजी अखेरपर्यंत त्या वाडीला 'आपली वाडी' म्हणत असे. कायद्याने ते खोटे होते.

पण कायदा म्हणजे काय? कुंदा मुळापासून ज्याने खणला त्याचा त्या जमिनीवर काही हक्क पोचतो की नाही, हा प्रश्न आमच्या कायद्याने अजून नीट विचारलेला नाही. ग्रामसभेने आपल्या शिवारातील पडीक गढ्या, ओस वाड्या, बुजलेल्या विहिरी यांची यादी करावी. कोणाच्या नावे आहेत, किती वर्षे ओस आहेत, पूर्वी कोणी कसल्या होत्या, हे तिच्यात लिहावे. ज्यांनी त्या कसल्या त्यांची नावे म्हाताऱ्यांकडून विचारून घ्यावीत, कारण ती नावे कोणत्याच पेरेपत्रकात नाहीत. बटईचा करार झाला तर तो कागदावर व्हावा, बाईच्या नावाने व्हावा, आणि पीकपाण्याच्या नोंदीत तिचे नाव यावे. यात क्रांतीची घोषणा नाही, केवळ नोंदीची मागणी आहे. परंतु ज्या समाजाची नोंदच कधी झाली नाही, त्याच्यासाठी नोंद हीच लढाई असते.

या लेखाचा आरंभ आजीच्या एका वाक्याने झाला. शेवटही तिच्याच एका गोष्टीने करतो. वाडी परत घेतली गेली त्या दिवशी ती घरी आली ती रिकाम्या हाताने नाही. तिच्या पदरात वांग्याचे एक पिकून पिवळे झालेले फळ होते. ते तिने फोडले, बी धुऊन राखेत घोळले आणि चिंधीत बांधून आढ्याला टांगले. दुसऱ्या वर्षी तिने ते बी कोणाच्या तरी धुऱ्यावर लावले. पुढे ते पुऱ्यातल्या घरोघरी गेले. त्या वांग्याच्या बियांवर कोणाचा सातबारा नाही. जमिनीचा तेवढा व्हावयाचा राहिला आहे.